सुधाकर आणि गांजेकस

कै. राम गणेश गडकरी यांचें ‘एकच प्याला’ १९१९ सालीं रंगभूमीवर आलें आणि मद्याला आमच्या वाङ्मयांत एक शोकनायक लाभला. सुधाकर वकील, बुद्धिमान, मानी. त्याचा अधःपात प्रेक्षकाला आपल्याच घरांतला वाटतो. गांजाच्या वांट्याला असा कोणी आला नाहीं. चिलीम म्हटली कीं मठाच्या ओट्यावरचा बैरागी आणि भांग म्हटली कीं शिमग्याचा विनोद, येथवरच आमच्या बहुतेक लेखकांची मजल!

या उणिवेची झळ वाङ्मयाबाहेर पोंचते. चांदवडचेंच पाहा. रेणुकादेवीचें ठाणें व अहिल्याबाईंचा रंगमहाल यांनीं प्रसिद्ध असलेल्या या गांवीं आज अभियांत्रिकीपर्यंतचें शिक्षण मिळतें. तालुक्यांतील कांदा पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचीं मुलें येथें शिकतात, कांहीं पुण्यामुंबईच्या वसतिगृहांत जातात. अशांपैकीं एखाद्याच्या हातीं गांजा आला, तर तो चिलमींतून नव्हे, सिगारेटच्या कागदांतून येतो. तो मुलगा बरळत नाहीं. वाचलेलें ध्यानांत राहत नाहीं, सकाळचा तास चुकतो, आणि घरून दूरध्वनि आला म्हणजे ‘परीक्षा जवळ आली आहे’ एवढेंच तो सांगतो. गांजेकस म्हणजे जटाधारी, अशी समजूत असलेल्या वडिलांना तो ओळखूं कसा यावा?

म्हणून त्याला सुधाकराचाच सांचा लावावा, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. पहिल्या पेल्यांतच शेवट ठरलेला असतो, हें सूत्र रंगभूमीवर प्रभावी खरें. गांजाच्या बाबतींत तें टिकत नाहीं. ओढून पाहणाऱ्यांपैकीं बहुतेकांना व्यसन जडत नाहीं. कोवळ्या वयांत आरंभ करणाऱ्यांना धोका अधिक, आणि कांहींना तर मनोविकारहि जडतो. १८९३-९४ च्या सरकारी हेम्प कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या, तेव्हां ‘गांजानें वेड’ अशा पुष्कळ नोंदी विश्वासार्ह ठरल्या नाहींत. विद्यार्थ्याला भयंकर नाटक दाखवावें आणि शेजारच्या खोलींतला गांजा ओढणारा पहिल्या वर्गांत उत्तीर्ण व्हावा, कीं नाटकाबरोबर त्यांतली खरी सूचनाहि फुकट जाते.

१९८५ च्या कायद्यानें गांजाचें सेवन गुन्हा आहे. पण स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यांतून सूट देण्याची तरतूदहि त्याच कायद्यांत आहे. अब्रूच्या भयानें घरें दारें लावून घेतात, तेव्हां ही तरतूद कोणाला आठवत नाहीं. शोकांतिकेचें बीज आमच्या मतें येथें आहे, धुरांत नव्हे. सुधाकराजवळ तळीराम होता. या मुलाजवळ खोलींतला मित्र असतो, ज्याला सर्व ठाऊक असून चुगली नको म्हणून जो गप्प बसतो. एखाद्या नव्या नाटककारानें आरंभ त्याच्यापासून करावा.