रजोनिवृत्ती, संस्कृती आणि मौनाचा अर्थ : मार्गारेट लॉक यांच्या ग्रंथाचे चिकित्सक वाचन

प्रस्तावना

रजोनिवृत्ती ही जैविक घटना असली, तरी तिचा अनुभव सर्व समाजांत सारखा नसतो. पाश्चात्त्य वैद्यकाने मात्र दीर्घकाळ तिच्याकडे इस्ट्रोजेनच्या कमतरतेतून उद्भवणारा विकार म्हणून पाहिले. रॉबर्ट विल्सन यांच्या ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ (१९६६) या पुस्तकाने ही दृष्टी लोकप्रिय केली. तिला मानवशास्त्राने दिलेले भक्कम उत्तर म्हणजे मार्गारेट लॉक यांचा ‘एन्काउंटर्स विथ एजिंग’ (१९९३) हा ग्रंथ होय. त्याचे योगदान आणि त्याच्या वाचनातील एक धोका यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

लॉक यांनी १९८० च्या दशकात ४५ ते ५५ वयोगटातील जपानी स्त्रियांची पाहणी केली आणि तिची तुलना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स व कॅनडातील मॅनिटोबा येथील पाहण्यांशी केली. आधीच्या दोन आठवड्यांत अंगातून गरम वाफा निघाल्याचे जपानमध्ये सुमारे १२ टक्के, मॅनिटोबात ३१ टक्के, तर मॅसॅच्युसेट्समध्ये सुमारे ३५ टक्के स्त्रियांनी सांगितले. जपानी स्त्रियांच्या तक्रारींत खांदे आखडणे व डोकेदुखी यांना अग्रस्थान होते.

‘कोनेन्की’ हा जपानी शब्द केवळ पाळी जाण्याचा वाचक नसून मध्यवयातील दीर्घ स्थित्यंतराचा वाचक आहे, हे लॉक दाखवून देतात. परंतु त्या केवळ भाषेपाशी थांबत नाहीत. आहार, परिसर आणि जीवनपद्धती यांमुळे शरीरेही भिन्न घडतात, या अर्थाने त्या ‘स्थानिक जीवशास्त्र’ ही संकल्पना मांडतात. शरीर एक आणि त्यावरील सांस्कृतिक आवरणे अनेक, ही सोपी विभागणी त्यामुळे टिकत नाही. ग्रंथाचे मौलिक योगदान येथे आहे.

वाचनातील धोका

तथापि या आकड्यांवरून ‘पौर्वात्य स्त्रीला त्रास होत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो, तो तपासून पाहिला पाहिजे. कोनेन्कीच्या तक्रारी म्हणजे रिकामा वेळ असलेल्या गृहिणींचे चैनीचे दुखणे, अशी टीका जपानी समाजात होत असल्याचे लॉक स्वतःच नोंदवतात. वृद्ध सासूसासऱ्यांची शुश्रूषा याच वयातील सुनेवर पडत होती. अशा वातावरणात तक्रार न करणे हे नेहमीच स्वास्थ्याचे लक्षण मानता येत नाही. ते शिस्तीचेही असू शकते.

मार्शा फ्लिंट यांच्या १९७५ मधील अभ्यासाबाबतही हेच म्हणता येईल. राजस्थान व हिमाचल प्रदेशातील ४८३ राजपूत स्त्रियांकडून त्यांना पाळीतील बदलांपलीकडे फारशा तक्रारी आढळल्या नाहीत. पाळी गेल्यावर पडदा सुटतो, पुरुषांच्या बैठकीत बसता येते, म्हणून हा काळ सुखावह ठरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. परंतु जिच्या वाट्याला पडदा नव्हताच, त्या शेतमजूर स्त्रीला पाळी गेल्यावर कोणती मुक्ती मिळते, याचे उत्तर या अभ्यासातून मिळत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीने केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. येथे ‘पाळी जाणे’ ही निसर्गाने घडवलेली घटना उरत नाही. खाड्याचा दंड, मुकादमाची उचल आणि खाजगी दवाखाना यांच्या साखळीत ती घडवली जाते. गर्भाशय काढल्याने पाळी थांबते. बीजांडेही काढली, तर ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती ओढवते. या अनुभवाला केवळ ‘संस्कृती’ या कोटीत बसवणे म्हणजे शोषणाला परंपरेचे नाव देणे होय.

समारोप

लॉक यांनी एका सार्वत्रिक मिथकाला छेद दिला, हे निर्विवाद आहे. मात्र त्या जागी सोशिक पौर्वात्य स्त्रीचे दुसरे मिथक उभे राहू नये, ही जबाबदारी वाचकांची आहे. संस्कृतीभेदाच्या अभ्यासाला वर्ग, जात आणि श्रम यांची जोड मिळाली, तरच स्त्रीच्या मौनाचा खरा अर्थ लागेल. अन्यथा तिने तक्रार केली नाही, एवढ्यावरून तिला उपचाराची गरज नाही, असे ठरवले जाईल.