दोन मिनिटं वीस सेकंद

ती क्लिप मी शंभर वेळा तरी पाहिली असेल. बर्फाची उभी भिंत, तिच्यावरून सुसाट खाली येणारा एक ठिपका, मागे फुगलेलं पॅराशूट. मग ठिपका कोलमडतो आणि घरंगळत जातो. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी कुणी रिलीज काढायचं ठरवलं, की आम्ही ग्रुपवर ती टाकायचो. ती ज्यातली आहे तो 'द मॅन हू स्कीड डाउन एव्हरेस्ट' हा माहितीपट मात्र अख्खा पाहिला तो गेल्या महिन्यात. त्यानंतर तो विनोद मला करता आलेला नाही.

६ मे १९७० रोजी युइचिरो मिउरा हा जपानी स्कीपटू साउथ कोलपासून, म्हणजे जवळपास आठ हजार मीटरवरून, ल्होत्सेच्या उतारावर निघाला. पावसाळ्याआधीचा वसंत हा एव्हरेस्टचा हंगाम. पण वसंत म्हणजे भुसभुशीत बर्फ नव्हे. वाऱ्यानं घासून काचेसारखी झालेली भिंत. ब्रेक म्हणून पॅराशूट. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला: त्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही कमी, म्हणजे तेवढाच रोध मिळायला वेग साधारण दीडपट हवा. ब्रेक लागायचा तर आधी आणखी जोरात पळा! शेवटी तो पडला, सुमारे चारशे मीटर घसरला आणि एका प्रचंड हिमभेगेच्या थोडं अलीकडे थांबला. सगळा खेळ दोन मिनिटं वीस सेकंदांचा.

तेव्हा शीर्षक खोटं आहे. तो शिखरावरून निघाला नव्हता, आणि शेवटचा टप्पा स्कीइंग नव्हतंच. (शिखरापासून बेस कॅम्पपर्यंत स्की न काढता उतरला तो स्लोव्हेनियाचा डावो कार्निचार, ऑक्टोबर २००० मध्ये.) गंमत म्हणजे हे खोटं कॅमेराच उघडं पाडतो. पडणं कापलेलं नाही, झाकलेलं नाही. १९७५ सालासाठीचं माहितीपटाचं ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाचा हा प्रामाणिकपणा मला मनापासून आवडला.

माझं भांडण आहे ते आवाजाशी. निवेदन मिउराच्या डायरीवर बेतलेलं, आणि ते वाचलंय डग्लस रेन यांनी; कुब्रिकच्या '२००१'मधल्या हॅल संगणकाचा आवाज त्यांचाच. एकदा ते लक्षात आलं, की सुटका नाही. तोच शांत, समजूतदार, कशानेही न हलणारा स्वर.

५ एप्रिलला खुंबू आइसफॉलमध्ये बर्फ कोसळून या मोहिमेतले सहा शेर्पा मेले. स्कीइंगला तेव्हा महिना होता. चित्रपटानं हेही लपवलेलं नाही. पण पुढे जावं की परतावं या मिउराच्या घालमेलीत ते सहाजण हळूहळू विरून जातात. त्यांचं मरण ही त्याच्या मनाची कसोटी होऊन बसते. मिउरा दगडाचा होता असं मी म्हणत नाही. अपराधीपणा त्याला खात असणार. पण जे निस्तरायला घरच्यांना जन्म लागला असेल, त्यावर निवेदन चिंतनाचा हात फिरवतं आणि पुढच्या कॅम्पकडे निघतं. चित्रं काही लपवत नाहीत, आवाज सारवासारव करतो. आवाज बंद करून पुन्हा पाहिलं तेव्हा भार वाहणाऱ्यांच्या रांगाच रांगा दिसल्या. पहिल्या वेळी मी निवेदन ऐकण्यात गुंग होतो.

फार वरच्या पट्टीत बोलायचा हक्क मला नाही. सह्याद्रीतल्या ट्रेकचे वृत्तांत मीही लिहिलेत. त्यांत 'वाडीतले वाटाड्ये मामा' हमखास असतात, त्यांचं नाव क्वचित.

परवा ग्रुपवर क्लिपऐवजी अख्ख्या चित्रपटाची लिंक टाकली. पहिलं उत्तर आलं, "कितव्या मिनिटाला पडतो?"