न दिसणं म्हणजे नसणं का?

एलियट हिगिन्स यांचं 'वुई आर बेलिंगकॅट' हे २०२१ सालचं पुस्तक आज चर्चेला घेतलंय. कुणालाही बघता येतील असे फोटो, व्हिडिओ, उपग्रहाची चित्रं, सरकारी नोंदी यांतून खरं काय घडलं ते शोधायचं, हा त्याचा विषय. त्याला ओपन सोर्स इंटेलिजन्स म्हणतात. यात चोरून काही मिळवायचं नाही, सगळं उघड्यावरचं.

पुस्तकाचं बळ पद्धतीत आहे: शोधा, पडताळा, लोकांपर्यंत पोहोचवा. १७ जुलै २०१४ रोजी युक्रेनवर एमएच-१७ विमान पाडलं गेलं, २९८ माणसं गेली. लोकांनी सहज टाकलेल्या फोटोंमधल्या खुणा जुळवत या मंडळींनी क्षेपणास्त्राच्या गाडीचा रस्ता काढला आणि माग थेट रशियाच्या ५३व्या ब्रिगेडपर्यंत नेला. २०१८मध्ये अधिकृत तपास पथकाचाही निष्कर्ष तोच आला. धूर बघून अग्नीचं अनुमान करावं, तसं हे काम. दाद द्यायलाच हवी.

माझा आक्षेप वेगळा आहे. जे सापडलं ते कसं पडताळावं, हे पुस्तक उत्तम शिकवतं. पण जे सापडलं नाही, त्याचं काय? भाट्ट मीमांसकांनी आणि अद्वैत वेदान्त्यांनी यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानलं, पण अट घातली योग्यतेची. म्हणजे काय? वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात ओट्यावर घागर दिसली नाही, तर ती तिथे नाही. अंधारात दिसली नाही, तर काहीच सिद्ध होत नाही.

आता हे नालासोपाऱ्यात लावून बघा. अगरवाल नगरीतल्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडल्या. २०२५च्या सुरुवातीला ते काम संपलं. जागा सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि डम्पिंग ग्राउंडसाठी राखीव होती. हजारो माणसं रस्त्यावर आली. लगेच लोक म्हणाले, "विकास आराखडा उघड होता की! घर घेताना बघायचं नाही का?"

हा युक्तिवाद मला लंगडा वाटतो. उपग्रहाच्या चित्रात इमारत दिसते, तिची परवानगी दिसत नाही. बिल्डरनं दाखवलेला कागद खरा की बनावट, हे तपासायला एखादं कुटुंब कार्यालयाच्या वेबसाइटवर गेलं आणि तिथे तो सापडला नाही, तर त्यांनी काय समजायचं? परवानगीच नाही, की कागद अजून चढवलेला नाही? नोंदी अर्धवट असतील, तर खरी परवानगीही सापडत नाही आणि खोटीही सापडत नाही. दोन्ही सारख्याच दिसतात!

म्हणून योग्यता आधी निर्माण करावी लागते, आणि ती नागरिकाच्या हातात नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ याचं कलम ४ बघा. दिलेल्या परवान्यांचा आणि परवानग्यांचा तपशील कार्यालयानं कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा, असं ते सांगतं. सर्व्हे नंबरनुसार अशी संपूर्ण यादी असेल, तरच "यादीत नाही" या दोन शब्दांना पुराव्याचं वजन येईल.

हिगिन्स नागरिकाला शोधक बनवतात, ते मला मान्य आहे. पण नोंदी पुऱ्या ठेवण्याचं काम कार्यालयानं केलं नसेल, तर "तुम्ही शोधलं का नाही?" असं त्या कुटुंबाला विचारण्याचा अधिकार कुणालाही पोहोचत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.