हातचे सोडू नये : बूटलोडर निवडताना

गेल्या हिवाळ्यात आमच्या विज्ञान मंडळाच्या मुलांनी राहुरी तालुक्यातील एका शेतवस्तीवर जमिनीतील ओल मोजणारे छोटे यंत्र बसवले. कांद्याच्या वाफ्यात खोचलेले दोन संवेदक, एक स्वस्त वायफाय-बोर्ड आणि घरातल्या वायफायवरून दर तासाला शाळेच्या संगणकाकडे येणारा एक आकडा, एवढाच त्याचा पसारा. तीन आठवडे ते बिनतक्रार चालले. मग मुलांना त्यात सुधारणा करावीशी वाटली. शाळेत बसूनच नवा प्रोग्राम पाठवला. तो पोचला, यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले आणि त्यानंतर एकही आकडा आला नाही. केबल घेऊन वस्तीवर गेलो तेव्हा कारण कळले. नव्या प्रोग्राममध्ये वायफायचे नाव लिहिताना एक अक्षर चुकले होते. चूक आमचीच होती. शेतकरीदादा रागावले नाहीत. नवे जमत नव्हते तर जुने चालत होते तेवढे तरी ठेवायचे होते, इतकेच त्यांचे म्हणणे.

ही अपेक्षा अगदी साधी आहे. ती पुरी होणे न होणे बूटलोडर नावाच्या एका छोट्या प्रोग्रामवर अवलंबून असते. शाळांतून २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब सुरू झाल्या आणि मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड मुलांच्या हाती आले. परंतु बूटलोडर आपण कधी निवडतच नाही. बोर्डाबरोबर जो येतो तो घेतो. निवडलाच, तर तो किती लहान आहे आणि किती लवकर प्रोग्राम चढवतो एवढेच पाहतो. आमच्या मते ही कसोटीच चुकीची आहे. बूटलोडरची परीक्षा सारे सुरळीत असताना होत नाही, बिघडते तेव्हा होते.

पुसल्याशिवाय लिहिता येत नाही

यंत्राला वीज मिळताच चिपमध्ये सर्वांत आधी चालतो तो बूटलोडर. सकाळी शाळेचे फाटक उघडणाऱ्या शिपायासारखे त्याचे काम असते. नवा प्रोग्राम आला आहे का ते तो पाहतो, आला असेल तर जागेवर ठेवतो आणि मग मुख्य प्रोग्रामच्या हाती कारभार देऊन बाजूला होतो. यंत्रात कायम राहणाऱ्या या प्रोग्रामलाच फर्मवेअर म्हणतात.

फर्मवेअर ज्या फ्लॅश स्मृतीत असते तिचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. पुसलेल्या फ्लॅशमध्ये सर्वत्र १ असतात. लिहिताना १ चा ० करता येतो, परंतु ० चा पुन्हा १ करायचा तर एकटा तो अंक बदलता येत नाही. त्याचा संपूर्ण गट पुसावा लागतो. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८पी या चिपमध्ये हा गट १२८ बाइटांचा असतो, तर वायफाय-बोर्डांवरील फ्लॅशमध्ये साधारणपणे ४०९६ बाइटांचा. म्हणजे जुन्याच जागी नवे लिहायचे तर आधी जुने नाहीसे करावे लागते. पुसणे आणि लिहून पूर्ण होणे यांच्या मधल्या काळात यंत्रापाशी धड जुने नसते, धड नवे नसते.

आणि आपल्याकडे नेमक्या याच वेळी वीज जाऊ शकते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा. शेतीपंपांना थ्री-फेज वीज ठरावीक तासच मिळते, म्हणून विहिरीवर मोबाइल स्टार्टर आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात पिकाला पाणी कधी आणि किती द्यावे हे सांगणारे ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे ॲप तयार झाले. पाण्याचा हिशेब जसजसा यंत्रांकडे जाईल, तसतसे शेतात बसलेल्या चिपचे मोल वाढेल. अशी चिप बंद पडली तर केबल घेऊन तीस-चाळीस किलोमीटर जाईपर्यंत पाळी चुकलेली असते.

म्हणून कोणताही बूटलोडर हाती घेताना आम्ही चार प्रश्न विचारतो. लिहिता लिहिता वीज गेली तर काय होईल? नवा प्रोग्राम पूर्ण पोचला, पण चुकीचा निघाला तर? तो योग्य माणसानेच पाठवला हे कसे कळेल? आणि जुन्याकडे परतायचे हे कोण ठरवील?

चार बूटलोडर, चार उत्तरे

आर्डुइनो उनोवरील ऑप्टिबूट हा शाळांत सर्वांत परिचित. अवघ्या ५१२ बाइटांत तो बसतो. त्याच्या आधीच्या ड्युएमिलानोव्हे बोर्डावर बूटलोडरसाठी २ किलोबाइट जागा जात असे. शिवाय त्या जुन्या बूटलोडरला वॉचडॉग, म्हणजे अडकलेल्या चिपला आपोआप पुन्हा सुरू करणारे घड्याळ, नीट हाताळता येत नसे आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होण्याच्या फेऱ्यात सापडे. ऑप्टिबूटने तो दोष दूर केला. मात्र तो जुन्या प्रोग्रामवरच नवा लिहितो आणि चालवण्याआधी प्रोग्राम पुरा आहे की अर्धा हे तपासत नाही. मध्येच वीज गेली तर बूटलोडर स्वतः वाचतो, कारण त्याची जागा वेगळी राखलेली असते. प्रोग्राम मात्र जातो. वर्गात केबल हाताशी असते, तेथे हा दोष नव्हे. विहिरीवर आहे. ऑप्टिबूट वाईट नाही, तो वर्गासाठी केलेला आहे.

ईएसपी-८२६६ या चिपसाठी आर्डुइनो पद्धतीत जो बूटलोडर वापरतात तो एक पाऊल पुढे आहे. नवा प्रोग्राम वायफायवरून येऊन आधी मोकळ्या जागेत पूर्ण उतरतो. उतरताना वीज गेली तर जुन्याला धक्का लागत नाही. पण त्यानंतर बूटलोडर त्याची नक्कल जुन्याच्या जागेवर करतो आणि ‘नक्कल चालू आहे’ ही नोंद वीज गेल्यावर पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत असते. या काही सेकंदांत वीज गेली तर काम कोठे अडले होते हे त्याला आठवत नाही. धोका लहान झाला, संपला नाही.

ईएसपी-३२ मध्ये विचार बदललेला दिसतो. येथे प्रोग्रामसाठी दोन स्वतंत्र जागा असतात. एकीतला चालू असतो तेव्हा नवा दुसरीत उतरतो. पुरा उतरून तपासला गेला की पुढच्या वेळी कोठून सुरू करायचे ही छोटी नोंद तेवढी बदलते. तीही दोन प्रतींत ठेवलेली असते. जुना प्रोग्राम हलतच नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही म्हण येथे तांत्रिक नियम झाली आहे.

याची किंमत जागेत मोजावी लागते. ४ मेगाबाइट फ्लॅशच्या बोर्डावर नेहमीच्या मांडणीत प्रत्येक प्रोग्रामला सव्वा मेगाबाइटच मिळतो. प्रोग्राम मावेना की मुले यादीतून ३ मेगाबाइटची मोठी एकेरी मांडणी निवडतात. प्रोग्राम मावतो, पण दुसरी जागा गेली हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आमची खरी तक्रार पुढे आहे. दुसऱ्या प्रश्नासाठी ईएसपी-३२ मध्ये एक सुरेख सोय आहे. नवा प्रोग्राम प्रथम उमेदवार म्हणून चालतो. त्याने ‘मी ठीक आहे’ असे कळवण्यापूर्वीच यंत्र पुन्हा सुरू झाले, तर बूटलोडर जुन्याला बोलावतो. परंतु कंपनीच्या मूळ संचात ही सोय आपणहून चालू करावी लागते. आर्डुइनो संचात तर मुलांनी लिहिलेल्या सेटअपची पहिली ओळ चालण्याआधीच, त्यांच्या वतीने, ‘ठीक आहे’ असे कळवून टाकलेले असते. उत्तरपत्रिका उघडण्यापूर्वी उत्तीर्ण केल्यासारखेच हे आहे. ‘व्हेरिफाय रोलबॅक लेटर’ या नावाचे फलन प्रोग्राममध्ये लिहून हा निकाल लांबणीवर टाकता येतो आणि योग्य वेळी आपण स्वतः कळवू शकतो. शाळेच्या प्रकल्पात ही गोष्ट आम्ही सक्तीची मानू.

चौथा एमसीयूबूट. ३२-बिट मायक्रोकंट्रोलरसाठीचा हा मुक्त प्रकल्प चारही प्रश्नांना सर्वांत गंभीर उत्तरे देतो. तोही दोन जागा वापरतो आणि त्यांतील मजकुरांची अदलाबदल करतो. प्रत्येक टप्प्याची नोंद फ्लॅशमध्येच होत असल्याने मध्ये वीज गेली तरी पुढच्या वेळी काम तेथूनच पुढे चालते. प्रोग्रामवरची अंकीय सही जुळली नाही तर तो चालवायचे नाकारतो, म्हणजे तिसऱ्या प्रश्नालाही उत्तर मिळते. पण त्याच्याही दोन गोष्टी डोळसपणे घ्याव्यात. जागा आणि वेळ वाचवण्यासाठी त्यात ‘जुन्यावर लिहा’ असाही पर्याय आहे. तो घेतला की परतीची वाट बंद. आणि नमुन्यादाखल दिलेल्या सहीच्या किल्ल्या साऱ्या जगाला ठाऊक आहेत. त्याच वापरून यंत्र शेतात बसवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणे.

रास्पबेरी पायसारख्या, लिनक्स चालवणाऱ्या मोठ्या बोर्डांसाठी यू-बूट हा पर्याय आहे. सुरू होण्याचे किती प्रयत्न झाले ते तो मोजू शकतो आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की पर्यायी मार्गाने यंत्र उठवू शकतो. पण त्यासाठी ती मोजणी आपणच मांडावी लागते.

दोन जागा पुरतात का?

नाही. दोन जागांत प्रोग्राम असतात, पण यंत्राची माहिती, म्हणजे वायफायचे नाव, पंपाच्या वेळा, संवेदकांची दुरुस्तीमूल्ये, बहुधा एकाच जागी असते. नव्या प्रोग्रामने ती वेगळ्या रचनेत लिहिली, तर परत आलेल्या जुन्या प्रोग्रामला ती वाचता येत नाही.

या चुकीची किंमत मोठमोठ्यांनीही मोजली आहे. १९७६ साली मंगळावर उतरलेले व्हायकिंग-१ सहा वर्षांहून अधिक काळ चालले. नोव्हेंबर १९८२ मध्ये बॅटरी भारित करण्याविषयीचा नवा प्रोग्राम पाठवताना अँटेना पृथ्वीकडे वळवण्यासाठी लागणाऱ्या माहितीवरच नवे लिहिले गेले. यान धडधाकट होते, पण त्याच्याशी बोलण्याची वाट गेली. आमच्या वायफायच्या नावातील एका अक्षराची गोष्ट याच जातीची आहे. याउलट जानेवारी २००४ मध्ये स्पिरिट ही मंगळगाडी फ्लॅशमधील फाइलींच्या गोंधळाने साठाहून अधिक वेळा बंद होऊन पुन्हा सुरू होत राहिली. ती वाचली, कारण फ्लॅशला हात न लावता सुरू होण्याची आज्ञा तिला देता येत होती. तेवढी एक वाट आधी राखून ठेवलेली होती.

यातून दोन नियम निघतात. संपर्कासाठी लागणारी माहिती नव्या प्रोग्रामने सिद्ध होण्यापूर्वी बदलू नये. आणि दुरून बूटलोडर स्वतः बदलण्याच्या फंदात पडू नये, कारण दुसरी प्रत असते ती प्रोग्रामची. बूटलोडरची बहुधा नसते.

दुरून बदल करावेतच कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. ज्या यंत्राचे काम ठरलेले आहे आणि जे जाळ्याला जोडलेले नाही, त्याला ती सोय न देणेच शहाणपणाचे. पण जाळ्याला जोडलेल्या यंत्रात पुढे दोष सापडणारच आणि ते दुरुस्त करण्याची वाट नसणे हाही धोकाच.

वर्गात करून पाहा

ही सारी चर्चा एका तासिकेत प्रत्यक्ष दाखवता येते. बोर्ड फक्त यूएसबीच्या पाच व्होल्टवर ठेवा. पंपाची किंवा घरगुती वीज जोडू नका. वायफायवरून नवा प्रोग्राम पाठवा आणि दर वेळी वेगळ्या क्षणी प्लग काढा : सुरुवातीला, निम्म्यात, शेवटी आणि यंत्र पुन्हा सुरू होत असताना. असे वीस वेळा करा. कोणत्या क्षणी वीज गेली आणि त्यानंतर कोणता प्रोग्राम जागा झाला, याचा तक्ता मुलांकडून भरून घ्या. मग मुद्दाम चुकीच्या वायफाय-नावाचा प्रोग्राम पाठवा. पहिल्या तक्त्यात उत्तीर्ण झालेले पुष्कळ बोर्ड या दुसऱ्या परीक्षेत नापास होतील, आणि ते का, हाच चर्चेचा विषय. नवा प्रोग्राम ‘ठीक’ आहे असे कधी म्हणावे? दिवा लुकलुकला म्हणजे? वायफाय जोडले म्हणजे? हे बूटलोडर ठरवू शकत नाही. यंत्र कशासाठी आहे हे जाणणाऱ्यानेच ते ठरवायचे असते.

आमच्या मुलांनी ईएसपी-३२ घेऊन आपले उत्तर ठरवले आहे. नव्या प्रोग्रामने दहा मिनिटांत शाळेकडे तीन आकडे पोचवले तरच तो ठेवायचा. नाहीतर यंत्राने आपणहून पुन्हा सुरू व्हायचे आणि जुन्याला जागे करायचे. तसे बदललेले यंत्र आता त्याच वस्तीवर आहे. केबल मात्र आम्ही अजून पिशवीत ठेवतो.