घरंदाज : कोणाच्या घरची?

लग्नसराईतल्या कापडाच्या जाहिराती वाचाव्यात. पुरुषाचा पोशाख 'रुबाबदार', बाईची साडी मात्र 'घरंदाज', 'खानदानी'. रुबाब पुरुषाचा स्वतःचा. बाईची शोभा घराण्याकडून उसनी. रेमंडने पुरुषाला 'द कम्प्लीट मॅन' म्हटले. १९७५ साली आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने बाईला तिच्यातली उणीव दाखवली. नावातला 'फेअर' गेला तो २०२० साली.

स्त्रीवादी टीका इथवर येते. आपला प्रश्न याच्या पुढचा आहे : घरंदाज म्हणजे कोणाच्या घरची? गावकुसाबाहेरच्या बाईला हे विशेषण कोणी कधी लावले? वसमतच्या बाजारात हळद निवडणारी बाई जाहिरातीत नसते. हळद तेवढी नवरीच्या गालावर असते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू येणारी लुगड्याची नेसण आणि जड दागिने टाकायला सांगितले. त्यांनी ते टाकले. ही वरच्यांची नक्कल नव्हती; अंगावरची जातीची खूण पुसणे होते. घरंदाजपणाचा दाखला त्यांनी कोणाकडे मागितला नाही.

आज आपली शिकलेली मुलगी स्वतःच्या पगारातून साडी घेते. साडी जरूर घ्यावी. तो शब्द दुकानातच ठेवून यावे.