शाळा निवडतो कोण? शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के जागांच्या तरतुदीची चिकित्सा



‘शाळानिवड’ हा शब्द तुम्ही अर्थशास्त्राच्या किंवा सार्वजनिक धोरणाच्या पुस्तकात वाचला असेल. कल्पना सोपी आहे. मुलाच्या शिक्षणासाठी सरकार जो पैसा खर्च करते, तो कुटुंब जी शाळा निवडेल तिकडे जावा. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये ही मांडणी केली. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य तर आणखी पुढे गेले. २०११ मध्ये तिथे अपंग मुलांसाठी शिक्षण खाती सुरू झाली आणि २०२२ मध्ये ती सर्व मुलांना खुली झाली. या खात्यातून पालक शाळेची फी, खासगी शिकवणी, उपचार किंवा शैक्षणिक साहित्य यांवर मुलाच्या गरजेप्रमाणे खर्च करू शकतात.

आपल्याकडे याच्या सर्वात जवळ जाणारी तरतूद म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम १२(१)(सी). खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या (पूर्वप्राथमिक वर्ग असतील तर तिथल्या) किमान २५ टक्के जागा परिसरातील वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि त्यांचा खर्च सरकारने शाळेला परत करायचा. एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

मी लखनौत अभियांत्रिकी शिकवतो, शिक्षणशास्त्र नाही. त्यामुळे कोणतीही रचना तपासताना वर्गात जे प्रश्न विचारतो, तेच इथे विचारतो. निर्णय कुणाच्या हातात आहे? पैसा कुणाकडे जातो? आणि कमी पडणारा भार कुणावर येतो?

१. निर्णय कुणाचा?

कागदावर निर्णय कुटुंबाचा आहे. उत्तर प्रदेशात दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. पालक परिसरातील शाळांची पसंती देतात आणि सोडतीत जागा मिळते. पण यादीत नाव लागणे आणि मूल वर्गात बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१५ मध्ये लखनौच्या सिटी माँटेसरी स्कूलमधील प्रवेशांचा वाद अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे गेला आणि १३ मुलांना प्रवेश देण्याचा आदेश न्यायालयाला काढावा लागला. पहिलीच्या प्रवेशासाठी उच्च न्यायालय गाठावे लागत असेल, तर निवड कुटुंबाची आहे असे म्हणणे कठीण आहे.

शिवाय यादीच आखूड आहे. २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याबाहेर गेल्या. लखनौसारख्या शहरात जुन्या नावाजलेल्या शाळांपैकी बऱ्याच मिशनरी संस्थांच्या आहेत. त्या पसंतीच्या यादीत येतच नाहीत.

महाराष्ट्रातील वाचकांना वेगळा अनुभव आठवेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांतून सूट मिळाली. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. म्हणजे एका अधिसूचनेने पालकांची बहुतेक निवड काढून घेतली जाऊ शकते, हे आपण पाहिले आहे.

२. पैसा किती आणि कुणाकडे?

कायद्याचे सूत्र असे आहे: सरकारचा दर मुलामागचा खर्च किंवा शाळेची प्रत्यक्ष फी, यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढी प्रतिपूर्ती. उत्तर प्रदेशाने कमाल मर्यादा ठरवली दरमहा ४५० रुपये, आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहिली. महाराष्ट्रात हीच मर्यादा वर्षाला १७,६७० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे १,४७० रुपये आहे.

४५० हा आकडा सरकारच्या खऱ्या खर्चाशी जुळतो का? वही घ्या. उत्तर प्रदेशात सरकारी प्राथमिक शिक्षकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये. कायद्यानुसार प्राथमिक वर्गात ३० मुलांमागे एक शिक्षक. भागाकार केला तर एका मुलामागे १,१८० रुपये येतात. यात भत्ते नाहीत, इमारत नाही, मध्यान्ह भोजन नाही. तरीही आकडा ४५० च्या अडीचपटीहून जास्त आहे.

३. भार कुणावर?

समजा, एका शाळेची फी दरमहा ३,००० रुपये आहे आणि वर्गात १०० मुले आहेत. २५ मुलांमागे प्रत्येकी २,५५० रुपयांची तूट पडते. ती उरलेल्या ७५ जणांवर वाटली तर प्रत्येकी ८५० रुपये वाढतात. आता दुसरी शाळा घ्या, फी ४०० रुपये. तिला पूर्ण ४०० रुपये मिळतात, तूट शून्य. शाळाचालकाच्या जागी बसून विचार करा. पहिली शाळा या मुलांना टाळण्याची कारणे शोधेल, दुसरी त्यांना बोलावेल. प्रतिपूर्ती उशिरा येते ही अनेक राज्यांतील शाळांची तक्रार यात मिळवली, तर ओढा आणखी वाढतो. कुणाच्या मनात दुजाभाव नसला तरी हे सूत्र गरीब मुलाला स्वस्त शाळेकडे ढकलते. हा माझ्या मते या तरतुदीतील सर्वात मोठा दोष आहे.

४. जागा मिळाली, शिक्षण मिळाले का?

शाळा बदलली की शिकणे आपोआप सुधारते, हेही गृहीत धरू नका. आंध्र प्रदेशात १८० गावांत व्हाउचरचा मोठा प्रयोग झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सोडतीने खासगी शाळेत गेलेली मुले चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात इतरांच्या बरोबरीची होती, हिंदीत पुढे होती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च मात्र सरकारी शाळांच्या एकतृतीयांशाहून कमी होता. एवढ्यावरून दोन्ही बाजूंनी विजय जाहीर करू नये. मुलाला कुठे अडते ते पाहून मदत करणे हे वेगळे काम आहे आणि त्यासाठी वेगळा पैसा लागतो.

उत्तर प्रदेशाच्या योजनेत असा एक छोटा भाग आहे. पुस्तके व गणवेशासाठी वर्षाला ५,००० रुपये थेट पालकांच्या खात्यात जातात. टीकाकार याकडे फारसे पाहत नाहीत. पण कुटुंबाच्या हातात येणारा पैसा आहे तो हाच.

५. आठवीनंतर?

आमच्या वसाहतीच्या फाटकाशी इस्त्रीची टपरी आहे. टपरीवाल्या भैयांच्या मुलीचा पहिलीचा अर्ज मीच माझ्या लॅपटॉपवर भरला होता. ती आठवी पास झाली तेव्हा त्यांनी कपड्यांचा गठ्ठा हातात देत विचारले, “सर, नौवीं की फीस कौन देगा?” कायदा ६ ते १४ वयापुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा. मला उत्तर देता आले नाही. मुलीने त्या शाळेत आठ वर्षे काढली, मैत्रिणी तिथल्याच, आणि नववीत पूर्ण फी किंवा दुसरी शाळा. बोर्डाची परीक्षा दोन वर्षांवर असताना आधार काढून घेणारी योजना निवडीची योजना कशी म्हणायची?

निष्कर्ष

ही तरतूद रद्द करावी असे माझे मत नाही. वेगवेगळ्या घरांतील मुले एका बाकावर बसतात, हे तिचे मोल पैशात मोजता येत नाही. पण तिला शाळानिवड म्हणायचे असेल तर तीन दुरुस्त्या हव्यात: प्रतिपूर्तीचा दर दरवर्षी खऱ्या खर्चावरून काढून जाहीर करावा, पालकांच्या खात्यातील रक्कम वाढवून शिकवणीच्या मदतीलाही वापरू द्यावी, आणि आधार बारावीपर्यंत न्यावा. या दुरुस्त्या होईपर्यंत ती राखीव जागांची उपयुक्त पण अपुरी योजना आहे.

स्वतः करून पाहा

१. तुमच्या राज्याचा प्रतिपूर्ती दर शोधा आणि वरच्या पद्धतीने शिक्षकाच्या वेतनाशी ताडून पाहा.

२. तुमच्या वर्गात २५ टक्क्यांतून शिकलेले कुणी असेल, किंवा तुम्ही स्वतः असाल, तर नववीची फी कुणी भरली ते विचारा. ते उत्तर या टिपणाला जोडून वाचा.