मानाचा कणा

फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू याने १७४८ च्या 'कायद्यांचा आत्मा' या ग्रंथात भय हे जुलमी सत्तेचे, सद्गुण हे प्रजासत्ताकाचे व मान हे राजसत्तेचे चालक तत्त्व ठरविले. मान उच्चनीचतेवर पोसतो; म्हणून भारतीय राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने किताब रद्द केले व उद्देशिकेने व्यक्तीच्या प्रतिष्ठेची ग्वाही दिली, हे योग्यच झाले. परंतु त्याच ग्रंथात बायोनच्या अधिकाऱ्याची कथा आहे. १५७२ मध्ये राजाने प्रॉटेस्टंटपंथीयांची कत्तल फर्माविली, तेव्हा आपले शिपाई जल्लाद नव्हेत, असे कळवून त्याने ती आज्ञा नाकारली. हे धैर्य कायद्याने नव्हे, मानाने दिले होते. मानाची उतरंड मोडावी. कणा मोडू नये. पालखीच्या मानासाठी कज्जे लढविणाऱ्या आपण मंडळींनी हा भेद ओळखावा.